रिफ्लेक्स नावाची अंधश्रद्धा

बरेच दिवस काही लिहिलं नव्हतं. आधी रिलीज, मग रिलीजनंतरचे बग, मग ते बग कोणाचे यावरच्या मीटिंगा. नेहमीचंच रडगाणं. आज शनिवार आहे, बाहेर पाऊस आहे, म्हणजे ड्रॅग स्ट्रिप बंद आहे. आणि एक विषय गेले तीन आठवडे डोक्यात ठाण मांडून बसलाय. तेव्हा मंडळी, चहा घेऊन बसा. आज जरा तावातावाने लिहिणार आहे.

विषय असा: ड्रॅग रेसिंगच्या स्टार्टिंग लाईनवर रिॲक्शन टाईम सुधारायचा म्हणजे रिफ्लेक्स सुधारायचे, ही जी सार्वत्रिक समजूत आहे ती शुद्ध अंधश्रद्धा आहे. लिंबू-मिरचीपेक्षा वाईट. लिंबू-मिरचीने निदान कोणाचा जीव जात नाही.

ज्यांना या प्रकाराशी काही देणंघेणं नाही त्यांच्यासाठी थोडी पार्श्वभूमी. (ज्यांना आहे त्यांनी पुढचे दोन परिच्छेद गाळले तरी चालेल, पण वाचलेत तर बरं, कारण बऱ्याच जणांचं इथेच चुकतं.) दोन गाड्या, सरळ रस्ता, पाव मैल म्हणजे १३२० फूट. आधी पोचेल तो जिंकला. पूर्वी सुरुवातीला एक माणूस झेंडा घेऊन उभा असायचा आणि हुशार ड्रायव्हर झेंड्याकडे न बघता त्याच्या खांद्याकडे, हाताकडे बघायचे. अमेरिकेत एनएचआरए नावाची संस्था आहे, १९५१ साली वॉली पार्क्स यांनी काढलेली. तिने १९६३ साली इंडियानापोलिसच्या नॅशनल्सला झेंडेवाला हटवून दिव्यांचा खांब आणला. तोच तो 'ख्रिसमस ट्री'. वर दोन छोटे दिवे, प्री-स्टेज आणि स्टेज. खाली तीन पिवळे, मग हिरवा, मग लाल. तुमचं पुढचं चाक रस्त्यावरच्या प्रकाशाच्या पहिल्या किरणात आलं की प्री-स्टेज लागतो, तिथून सात इंच पुढच्या किरणात आलं की स्टेज. दोन्ही गाड्या स्टेज झाल्या की थोड्या वेळाने पिवळे सुरू होतात.

हौशी लोकांच्या 'फुल ट्री'मध्ये पिवळे एकामागून एक लागतात, प्रत्येकात अर्ध्या सेकंदाचं अंतर, आणि शेवटच्या पिवळ्यानंतर बरोब्बर अर्ध्या सेकंदाने हिरवा. 'प्रो ट्री'मध्ये तिन्ही पिवळे एकदम आणि ०.४ सेकंदाने हिरवा. हिरवा लागल्यापासून तुमचं चाक स्टेजच्या किरणातून बाहेर पडेपर्यंतचा वेळ म्हणजे रिॲक्शन टाईम. हिरव्याच्या क्षणीच चाक बाहेर पडलं तर .०००, म्हणजे परफेक्ट. त्याच्या एक सहस्रांश सेकंद आधी पडलं तरी लाल दिवा, खेळ खल्लास. आणि पाव मैलाचं घड्याळ, ज्याला ईटी म्हणतात, ते चाक किरणातून बाहेर पडल्यावर सुरू होतं. म्हणजे तुम्ही लाईनवर झोपा काढलीत तरी ईटी छान येऊ शकतो. फक्त शर्यत हरता.

आता गोष्ट.

मी इकडे न्यू जर्सीत ऑनसाईट आहे. डिग्री मेकॅनिकलची, पोट जावावर. (अशा लोकांची संख्या मोजायला गेलं तर वेगळा डेटाबेस लागेल.) कॉलेजात असताना एकदा लोणावळ्याजवळ आंबी व्हॅलीच्या धावपट्टीवर ड्रॅग रेस बघायला गेलो होतो, तेव्हापासून हे खूळ. इथे आलो तेव्हा कळलं की जवळची इंग्लिशटाउनची प्रसिद्ध स्ट्रिप २०१८ सालीच ड्रॅग रेसिंगसाठी बंद झाली. मग दीड तासावरची एक स्ट्रिप शोधली. बुधवारी संध्याकाळी पैसे भरा, टायर-बॅटरी तपासून घ्या आणि आपापली रोजची गाडी पळवा. कोणी हसत नाही. बायकोची कॅमरी घेऊन येणारेही असतात.

माझ्याबरोबर आमच्या टीममधला एक पोरगा येतो. चोवीस वर्षांचा, साताऱ्याचा, मला दादा म्हणतो. त्याला आपण बंड्या म्हणू. त्याने इथे आल्यावर पहिल्या पगारातून, म्हणजे अक्षरशः पहिल्या, सेकंडहँड होंडा सिव्हिक घेतली. मॅन्युअल गिअरची. गाडी धुताना तो तिच्याशी बोलतो.

आणि आमच्या ग्रुपमध्ये एक एक्स्पर्ट आहेत. प्रत्येक ग्रुपमध्ये असतात. वय चाळीसच्या पुढे, मस्टँग, ग्रीन कार्ड, आणि कुठल्याही विषयाची सुरुवात "बेसिकली" या शब्दाने.

बंड्याची पहिली संध्याकाळ. चार रन. स्लिपवरचे आकडे: .६१२, .५८७, .६४०, .५७१. एक्स्पर्टांनी स्लिपा हातात घेतल्या, मान हलवली आणि म्हणाले, "बेसिकली तुझे रिफ्लेक्स म्हणजे तहसील कचेरी आहे. फाईल आत जाते, बाहेर येत नाही." सगळे हसले. मीही हसलो. मग उपाय सांगितले: फोनवर रिॲक्शनचं ॲप टाक, रोज शंभर वेळा कर, रेसच्या आधी एनर्जी ड्रिंक घे, आणि रोज येता-जाता सिग्नलला उभा असतोस ना, तिथे सवय लाव.

हे शेवटचं वाक्य लक्षात ठेवा.

आता माझी पहिली तक्रार. समोर चार आकडे आहेत आणि बघणारे सगळे इंजिनिअर. एकानेही आकड्यांकडे नीट बघितलं नाही. सर्वांत चांगला .५७१, सर्वांत वाईट .६४०. चार रनमधला जास्तीत जास्त फरक .०६९! आयुष्यात पहिल्यांदा ट्रीसमोर उभा राहिलेला पोरगा सात शतांश सेकंदाच्या आत चारही वेळा निघतोय, आणि आपण त्याला तहसील कचेरी म्हणतोय. सर्व्हरचा रिस्पॉन्स टाईम असा आला असता तर आपण काय म्हटलं असतं? लेटन्सी जास्त आहे, जिटर कमी आहे. म्हणजे मशीन ठीक आहे, मधे कुठेतरी एक फिक्स्ड डिले बसलाय, तो शोधा. रोज हेच करतो ना ऑफिसात? मग माणसाच्या बाबतीत एकदम "टॅलेंट नाही" कुठून येतं?

तो फिक्स्ड डिले काय होता ते सांगतो. पोरगा हिरव्याची वाट बघत होता. बास. हिरवा लागला की निघायचं, असंच आपल्याला लहानपणापासून शिकवलंय. पण गणित करा. डोळ्याला दिवा दिसून पाय हलेपर्यंत साधारण ०.२ सेकंद जातात, कोणाचेही. त्यानंतर गाडी. गाडी म्हणजे काही लाईटचं बटण नव्हे. स्टेजच्या किरणातून बाहेर पडायला चाकाला साधारण २८ सेंटिमीटर पुढे सरकावं लागतं, त्याला रोलआउट म्हणतात. गाडी अर्ध्या जीने, म्हणजे ४.९ मीटर प्रति सेकंद वर्ग या दराने उचलली असं धरा. अंतर भागिले प्रवेग, गुणिले दोन, वर्गमूळ. अकरावीचं फिजिक्स. उत्तर येतं ०.३४ सेकंद. दोन्हींची बेरीज ०.५४. क्लच पकडायला लागणारा क्षण त्यात मिळवा, की झाले .६ च्या आसपास. म्हणजे बंड्याच्या .६ मधला मोठा वाटा होंडाचा होता, बंड्याचा नव्हता! त्याचा स्वतःचा ०.२ तुमच्या-माझ्यासारखाच.

फुल ट्रीमध्ये शेवटचा पिवळा हिरव्याच्या अर्धा सेकंद आधी लागतो. माणसाचे ०.२ आणि गाडीचे ०.३ यांना सामावून घेणारा वेळ आहे तो. शेवटचा पिवळा दिसला की पाय सोडायचा, आणि तुम्ही नि गाडी दोघं आपापला वेळ खाऊन चाक किरणाबाहेर काढेपर्यंत हिरवा लागलेला असतो. बंड्याने त्याच चार रन हिरव्याऐवजी शेवटच्या पिवळ्यावर केल्या असत्या तर प्रत्येकातून .५०० वजा: .११२, .०८७, .१४०, .०७१. तेच डोळे, तोच पाय, तीच तहसील कचेरी. सरासरी .१०३. एक्स्पर्टांची स्वतःची त्या संध्याकाळची सरासरी मी सांगत नाही, भांडणं होतील.

मग रिफ्लेक्सचा संबंध येतो कुठे? धावण्याच्या शर्यतीत येतो. तिथे पिस्तूल कधी वाजेल ते ठाऊक नसतं, म्हणून तर बंदुकीनंतर ०.१ सेकंदाच्या आत हललात तर फाउल. माणूस इतक्या लवकर ऐकून हलूच शकत नाही असं गृहीत धरतात. २०२२ साली युजीनच्या जागतिक स्पर्धेत ११० मीटर हर्डल्सच्या फायनलला डेव्हन ॲलन ०.०९९ ला बाद झाला, एका सहस्रांशाने. फॉर्म्युला वनमध्येही पाच लाल दिवे कधी विझतील ते कळत नाही. पण ट्रीवर पिवळा आणि हिरवा यांतलं अंतर ठरलेलं आहे, जाहीर आहे, प्रत्येक वेळी तेच आहे. ते कळल्यावर ही रिफ्लेक्सची परीक्षा उरतच नाही. तबल्याच्या साथीला समेवर येणाऱ्या माणसाला कोणी "काय रिफ्लेक्स आहेत बुवा" म्हणतं का?

प्रो ट्रीवर, नायट्रो इंधनाच्या गाड्यांमध्ये, गोष्ट थोडी वेगळी आहे हे मान्य. तिथे गाडी चार-पाच जीने उडते, रोलआउट जवळपास ०.१२ सेकंदात संपतो, ताल धरायला एकामागून एक पिवळे नाहीत. तिथे माणसाचा वाटा मोठा. पण तिथेही जॉन फोर्स नावाचा गृहस्थ १९४९ सालचा जन्म घेऊन फनी कारच्या १५७ स्पर्धा जिंकला, आणि त्यातली शेवटची २०२४ साली, पंचाहत्तरीत. (त्यानंतर काही आठवड्यांतच व्हर्जिनियात त्याला भीषण अपघात झाला. इंजिन फुटलं होतं.) वयाबरोबर रिफ्लेक्स मंदावतात हे शास्त्र खरंच आहे. मग पंचाहत्तरीचा माणूस पंचविशीच्या पोरांना कसा हरवतो, याचं उत्तर ॲपवाल्यांनी द्यावं.

ॲपवरून आठवलं. त्या ॲपवर माझा राग जास्त आहे, कारण तो आमच्या धंद्यातला गुन्हा आहे. फोनचा पडदा सेकंदाला ६० वेळा रंगतो. म्हणजे तुमच्या कोडने "आता हिरवा" म्हटल्यावर तो दिसायला १६-१७ मिलिसेकंद इकडेतिकडे. मग स्पर्श ओळखायला लागणारा वेळ, तो ऑपरेटिंग सिस्टिममधून वर यायचा वेळ, त्याच वेळी कुणाचं 'गुड मॉर्निंग' आलं तर आणखी. हे सगळं मिळवून पडद्यावर आकडा काय दाखवणार? तीन दशांश स्थळं. ०.२४७! ज्याने हे लिहिलं त्याला ठाऊक असणार की शेवटची दोन स्थळं त्याने हवेतून आणलीत. शिवाय ॲपवर बोट आहे, गाडीत पाय आहे. मेंदूपासून पायापर्यंतचा रस्ता हातापेक्षा लांब. मज्जातंतूतला संदेश सेकंदाला पन्नास-साठ मीटर धावतो असं धरलं तर एका जादा मीटरला १५ ते २० मिलिसेकंद. बंड्याने दोन आठवडे रोज शंभर वेळा बोट आपटलं. ०.२६ चा ०.२३ झाला. खूश झाला पोरगा. मला स्क्रीनशॉट पाठवायचा. तीस मिलिसेकंद! आणि पुढच्या चाकाची हवा, लाँचचे आरपीएम, स्टेजमध्ये गाडी किती पुढे उभी करायची, यातलं काहीही त्याला कोणी सांगितलं नव्हतं. स्टेजमध्ये गाडी आठ सेंटिमीटर पुढे नेली तर रोलआउट २८ चा २० होतो, आणि त्याच गणिताने वेळ .३४ चा .२९. पन्नास मिलिसेकंद, बोट न आपटता.

(हुशार वाचक म्हणतील, पण मग रिॲक्शन सुधारला तेवढाच ईटी बिघडला, कारण घड्याळ लवकर सुरू झालं. शाब्बास. अगदी बरोबर. दोघांनी एकाच वेळी सुटायच्या शर्यतीत म्हणून याचा जवळपास शून्य फायदा. .०२० आणि १०.०८ वाला १०.१०० ला पोचतो, .११० आणि १०.०० वाला १०.११० ला, बेरीज बघायची असते. पण ब्रॅकेट रेसिंगमध्ये आपण आपला ईटी आधी लिहून देतो, हळू गाडीला तेवढा वेळ आधी सोडतात, आणि लिहिलेल्यापेक्षा वेगात गेलात तर बाद. तिथे ईटी पाच शतांशाने वाढला तर गाडीच्या काचेवरचा आकडा तेवढा वाढवायचा. फायदा खिशात.)

आणि ब्रॅकेटवाले आणखी काय करतात माहितेय? ज्यांच्या गाड्या खास त्यासाठी बांधलेल्या असतात ते डिले बॉक्स लावतात. पहिला पिवळा लागला की बटण सोडायचं, आणि एक खोका गाडीला सेकंदभराहून जास्त वेळ मुद्दाम थांबवून ठेवतो. मग गाडी सुटते. जगातले सर्वांत अचूक सुटणारे लोक स्वतःच्या गाडीत पैसे देऊन उशीर बसवतात! कारण पहिला पिवळा अंधारातून एकदम लागतो, त्यावर माणूस सर्वांत एकसारखा प्रतिसाद देतो, आणि उरलेला वेळ इलेक्ट्रॉनिक्स दहा हजारांश सेकंदाच्या हिशेबाने भरून काढतं. यावर "ही तर फसवणूक, ड्रायव्हरचं कसब कुठे राहिलं" म्हणणाऱ्यांशी माझं अर्धं पटतं. पण इतकं तरी सिद्ध होतं की वेग हा प्रश्नच नव्हता. एकसारखेपणा हा प्रश्न होता.

त्याचंही गणित आहे, आणि मला वाटतं सगळ्या विषयाचं मर्म इथे आहे. समजा तुमच्या सुटण्याचं स्टँडर्ड डेव्हिएशन .०५० आहे. लाल दिवा चाळीस-पंचेचाळीसातून एकदाच लागावा असं वाटत असेल तर दोन सिग्मा मागे उभं राहावं लागतं, म्हणजे सरासरी .१०० ठेवावी लागते. तेच डेव्हिएशन .०१५ वर आणलंत तर सरासरी .०३० ठेवता येते. सत्तर मिलिसेकंदांची कमाई, आणि वेगाने काहीच केलं नाही! रोज त्याच पद्धतीने स्टेज करणं, सीट त्याच खाचेत, तेच आरपीएम, टायरमध्ये तीच हवा, नजर त्याच दिव्यावर. कंटाळवाणं आहे. याचा रील बनत नाही. म्हणूनच कोणी सांगत नाही.

ही चूक जुनी आहे हो. १७९६ साली ग्रीनिचच्या वेधशाळेत मास्केलिन नावाच्या राजज्योतिषाने डेव्हिड किनेब्रुक या सहायकाला काढून टाकलं. कारण काय, तर ताऱ्याने दुर्बिणीतली तार ओलांडल्याची त्याची वेळ साहेबांच्या वेळेपेक्षा ०.८ सेकंद उशिरा यायची. आळशी, बेफिकीर, घरी जा. पुढे १८२० च्या सुमारास बेसेलने तपासलं तर कुठल्याच दोन निरीक्षकांच्या वेळा जुळत नव्हत्या, मोठ्यामोठ्यांच्यासुद्धा. प्रत्येकाचा आपापला फरक असतो, आणि तो मोजला की वजा करता येतो. सहायकाची नोकरी मात्र गेली ती गेलीच. आमचे एक्स्पर्ट दोनशेहून अधिक वर्षं मागे आहेत, इतकंच.

आता ते वाक्य. सिग्नलला सवय लाव.

जूनमधली एक रात्र, साडेअकराचा सुमार, रूट वन. बंड्या चालवतोय, मी बाजूला फोनवर स्टॉपवॉच धरून बसलोय. होय, मी. सव्वीस-सत्तावीस वर्षांचा, इंजिनिअर, घरी आईने "गाडी सावकाश चालवा रे" म्हटलं की "हो गं" म्हणणारा. दोन सिग्नल झाले होते, हसत होतो. तिसऱ्या सिग्नलला लाल. बंड्याने आरपीएम वर घेतले, नजर दिव्यावर खिळलेली, डावी-उजवी काही नाही, कारण डावी-उजवी बघितली की आकडा बिघडतो ना. हिरवा झाला. बंड्याने क्लच सोडला, आणि सोडताना चुकला. गाडीने एक आचका दिला आणि बंद पडली. मी "अरेरे" म्हणणार तेवढ्यात डावीकडून एक पिकअप ट्रक, त्याचा लाल लागून गेलेला, ब्रेक न मारता आमच्या बॉनेटसमोरून गेला. हातभर अंतरावरून. गाडी हलली त्याच्या वाऱ्याने.

मागचा माणूस हॉर्न वाजवत होता. बंड्या स्टिअरिंग धरून बसला होता. किल्ली फिरवायला त्याला बराच वेळ लागला. घरी पोचल्यावर बघितलं तर माझ्या फोनवर स्टॉपवॉच अजून पळत होतं.

रिफ्लेक्स चांगले असते, म्हणजे त्या रात्री क्लच नीट सुटला असता, तर हे लिहायला मी नसतो आणि साताऱ्याला एक फोन गेला असता.

आणि संताप कशाचा येतो सांगू? जीव धोक्यात घालून जो सराव आम्ही करत होतो त्याचा स्ट्रिपवर उपयोग शून्य. रस्त्यावर, इथे काय किंवा पुण्यात काय, लालाचा थेट हिरवा होतो, मधे पिवळा नसतो. म्हणजे बंड्या तीन आठवडे हिरव्यावर निघायचीच सवय पक्की करत होता. जी चूक सोडवायची तिचंच पाठांतर! (पुण्यात उलट सेकंद मोजणारे सिग्नल आहेत, तिथे तीन आकडा दिसला की सगळा चौक निघतो. फुल ट्रीला पुणेकर जास्त लायक आहेत, पण लाल दिव्याने बाद होण्याची पद्धत त्यांना मान्य होणार नाही.)

एक्स्पर्टांना सांगितलं. म्हणाले, "बेसिकली मी रेस करा म्हटलं नव्हतं, फक्त सवय लावा म्हटलं होतं." यावर काय बोलणार. पण त्यांना एकट्याला धरून उपयोग नाही हे मलाही कळतं. मी पहिल्या दिवशी हसलो होतो. अंतर, प्रवेग, वर्गमूळ मलाही येत होतं, मी ते तीन आठवडे केलं नाही. कारण "ह्याचे रिफ्लेक्सच नाहीत" हे वाक्य इतकं सोयीचं आहे की पुढे काही मोजायलाच लागत नाही. इंटरव्ह्यू पॅनेलवर बसल्यावर समोरचा पोरगा दहा सेकंद गप्प राहिला की आपण कागदावर काय लिहितो, ते जरा आठवून बघा.

असो. ॲप उडवलं. एनर्जी ड्रिंकचा अर्धा खोका ऑफिसच्या फ्रीजमध्ये आहे, हवा त्याने घ्या. मी आणि बंड्याने एक शंभर पानी वही केली: तारीख, हवामान, टायरची हवा, आरपीएम, कुठला दिवा बघितला, काय आलं. पुढच्या बुधवारी शेवटच्या पिवळ्यावर पहिल्या तीन रन: .११८, .०९३, .१३१. तिसऱ्या स्लिपेकडे बंड्या इतका वेळ बघत राहिला की मागच्या गाडीवाल्याला त्याला बाजूला हो म्हणावं लागलं.

गेल्या आठवड्यात तो पहिल्यांदा ब्रॅकेटमध्ये उतरला. पहिल्याच फेरीत समोर सत्तरीचे एक आजोबा, जुनी ब्यूक स्टेशन वॅगन, मागच्या सीटवर कुत्र्याचं पांघरूण. बंड्या .०६४ ला सुटला, आयुष्यातला सर्वोत्तम, आणि काचेवर १५.२५ लिहून १५.३१ ला गेला. आजोबा .०२१, लिहिलेले १४.१०, गेले १४.११. जेमतेम एका गाडीच्या लांबीने हरला. परत येताना आजोबा स्वतःहून थांबले, बंड्याच्या हातातली स्लिप मागून घेतली, चष्मा वर करून वाचली. मला वाटलं आता हेही काहीतरी रिफ्लेक्सचं बोलणार.

त्यांनी विचारलं, पुढच्या टायरमध्ये हवा किती ठेवतोस?

बंड्याने वही काढली.